दोन हाका

नांदेडच्या आयटीआय चौकातला सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झालाय, हे आनंदराजला काचेवर टकटक झाली तेव्हा कळलं. बाहेर एक रिक्षावाला वाकून आत बघत होता. मागे गाड्यांची रांग लागली होती, आणि त्या सगळ्यांचे हॉर्न, कुणीतरी बंद खोलीचं दार उघडावं तसे, एकदम कानात शिरले. त्यानं काच खाली केली. "काका, झोप लागली काय?" रिक्षावाला म्हणाला. "कवाचं हॉर्न मारून राहिलो. तुम्ही आपले नुसतं समोर बघून राहिले." "हाव, जरा विचारात होतो," आनंदराज म्हणाला. "तब्येत बरी हाय ना?" "हाव, हाव." रिक्षावाला गेला, पण जाता जाता त्यानं वळून एकदा बघितलं आणि ते बघणं आनंदराजच्या मानेवर बसून राहिलं. त्याचा डावा हात गिअरवर होता. अंगठा गिअरच्या गोल मुठीवर हळूहळू फिरत होता, भाकरीला पाणी लावावं तसा. त्यानं बघितलं तेव्हा अंगठा थांबला. तळवा ओला होता. सिग्नल हिरवा झाला आणि तो निघाला, गरजेपेक्षा जास्त सावकाश, आरशात दोनदा बघून, परीक्षेला बसलेल्या माणसासारखा.

विचारात होतो. दुसरं काय असणार? सकाळी चहा पिताना जुन्या वैमानिकांच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला होता. कंपनीचं शेवटचं जंबो विमान अमेरिकेतल्या कुठल्याशा वाळवंटात उतरलं होतं. कुंपणाबाहेरून कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. आधी उष्णतेनं थरथरणारी हवा, मग त्या हवेतून आकार घेत येणारं ते कुबड असलेलं डोकं, चार इंजिनं, धूळ. शेपटीवरचं चिन्ह आधीच पांढऱ्या रंगानं पुसलेलं. मागच्या बाजूला ओळीनं उभी असलेली तसलीच विमानं, कुणाची इंजिनं काढलेली, कुणाचं नाक कापलेलं. खाली हात जोडल्याची चित्रं एकाखाली एक. आनंदराजनंही एक टाकलं होतं. त्यातच मन गुंतलं असणार. चौकात उभं राहिल्यावर ते सगळं परत आलं असणार. जंबो जमिनीवर वळवताना पुढचं चाक आपल्या बरंच मागे असायचं, म्हणून वळणाची पिवळी रेघ ओलांडून आपण पार गवतावर लोंबकळेपर्यंत थांबायचं आणि मगच वळवायचं. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत बसून घर चालवावं तसं ते विमान चालायचं. इंजिनांचा जोर वाढवणाऱ्या थ्रॉटलच्या चार दांड्या एका तळव्यात मावायच्या, पहाटे त्या गार असायच्या, आणि पुढे ढकलल्यावर आवाज यायचा नाही. आवाज मागे, प्रवाशांना. आपल्याला फक्त पाठीत एक दाब जाणवायचा, पाठीशी गर्दी उभी असल्यासारखा. हेच आठवत असणार आपण. तो हे सगळं नीट मांडत गेला आणि पुलापर्यंत येता येता त्याच्या लक्षात आलं, की हे आपण आत्ता आठवतोय. चौकातलं काहीच आठवत नव्हतं. लाल दिवा आठवत होता आणि रिक्षावाल्याची बोटं. मध्ये काही नव्हतं, अंधारसुद्धा नव्हता. दोन पत्रे इतके नीट जोडलेले, की सांधा कुठं ते हाताला लागू नये.

घरी रुद्राणी तयार होऊन ओट्यावर बसली होती. दिवाळीला आलेली नात, शर्वाणी, पायऱ्यांवर सँडलचा पट्टा लावायची खटपट करत होती. तिला लातूरला लेकीकडे, ऋतुजाकडे पोचवायचं होतं. शाळा सुरू होणार होती. "पेट्रोल टाकायला इतका वेळ?" रुद्राणीनं विचारलं. "गर्दी होती." तिनं त्याच्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "आज मी चालवते," ती म्हणाली. अगदी साधं म्हणाली, भाजी मी चिरते म्हणावं तसं. पण तो ओट्यासमोर उभा असतानाच त्याच्या आत काहीतरी ताठ झालं. "कशाला? मी आहे ना." "तुम्ही दमल्यासारखे दिसून राहिले." "मी दमलो न्हाई, रुद्राणी." ती गप्प झाली. तिचं गप्प होणं तो निवृत्तीनंतरच्या तीनच वर्षांत शिकला होता. त्याआधी त्यांचा संसार सुट्ट्यांचा होता. ती नायगावची, नांदेडच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, नोकरी सोडायला तयार नव्हती. तो मुंबईत कंपनीच्या खोलीवर आणि बाकी जगभर. महिन्यातून चार-पाच दिवस तो यायचा, झोपायचा, वेळी-अवेळी उठून स्वयंपाकघरात पाणी शोधायचा. गाडी तिनं एकटीनं घेतली, एकटीनं शिकली, ऋतुजाच्या बाळंतपणात रोज चालवली. पण तो घरी असला की किल्ली त्याच्याकडे. हे कुणी ठरवलं नव्हतं. ती आपोआप डाव्या बाजूचं दार उघडायची, आणि एवढी मोठी विमानं नेणारा माणूस शेजारी असताना आपण चालवणं हे तिलाही विचित्र वाटत असणार, असं तो धरून चालला होता. आज तिनं शर्वाणीला मागे बसवलं, पट्टा लावला, तो ओढून बघितला, आणि पुन्हा एकदा ओढून बघितला.

सांगायला हवं होतं. लातूर फाटा मागे पडला तेव्हा त्यानं मनात वाक्य तयार केलं, सकाळी चौकात जरा असं झालं, आणि लोहा येईपर्यंत ते तसंच तोंडात धरून ठेवलं, मग गिळलं. सांगितलं तर काय होईल हे त्याला माहीत होतं. ती आरडाओरडा करणार नव्हती. ती फक्त म्हणेल, थांबवा, आणि इकडे येऊन बसा. आणि मग ते तसंच राहील. दर सहा महिन्यांनी ज्या वैद्यकीय तपासणीला तो आयुष्यभर रक्त, लघवी, डोळे, छाती घेऊन उभा राहिला, ती इथं एका वाक्यात होऊन जाईल, आणि त्यात तो नापास असेल. तो ताठ बसला. जुन्या सवयीनं नजर फिरवत राहिला, समोर, आरसा, काटा, पुन्हा समोर. हाताला घट्ट, गार स्टिअरिंगचं चाक. मी आहे. माळाकोळीच्या चढावर एक ट्रक. मी आहे. उताराला उन्हात वाळत घातलेलं सोयाबीन, अर्ध्या रस्त्यावर पसरलेलं, कडेला दगड मांडलेले. मी आहे. मागे शर्वाणी काहीतरी गुणगुणत होती, मग तिचा आवाज झोपेत विरला. रुद्राणी पुढे बघत होती. तिचा उजवा हात मांडीवर नव्हता, दोन सीटांच्या मध्ये होता, हँडब्रेकपाशी, सहज ठेवल्यासारखा. त्याला राग आला. सहज ठेवलेला हात असा नसतो, एवढं त्याला कळत होतं, कारण त्यानंही आपला हात एकदा असाच सहज ठेवला होता.

पंचाक्षरींचा विचार त्याला नको होता, पण अहमदपूरच्या अलीकडे तो येऊन बसलाच. कॅप्टन पंचाक्षरी उदगीरचे. आनंदराज चाकूरचा आहे हे कळलं त्या दिवशी त्यांनी सगळ्यांसमोर त्याला मिठी मारली होती. जंबोत डाव्या सीटवर ते, उजवीकडे हा, खाली अटलांटिक, आणि ते म्हणायचे, "आनंद्या, बघ लेका, केवढं पाणी. आपल्या तिरू नदीला घोटभर दिलं असतं तर काय बिघडलं असतं?" तो जंबो शिकला ते त्यांच्या हाताकडे बघून. मोठा, केसाळ हात, थ्रॉटलवर असा ठेवलेला जसा बैलाच्या पाठीवर ठेवतात. त्या पहाटे लंडनवर ढग होते. ते विमान हातानं उतरवत होते. ढगातून खाली आले, धावपट्टीचे दिवे दिसले, आणि वेग कमी होऊ लागला. आनंदराजनं आठवण करून दिली, "स्पीड." उत्तर नाही. त्यानं शेजारी बघितलं. पंचाक्षरी शांत बसले होते. डोळे उघडे, समोर. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, त्रास नाही, भीती नाही. फक्त त्यांचा अंगठा थ्रॉटलच्या गोल टोकावर हळूहळू फिरत होता. "कॅप्टन, स्पीड." नियम असा, की दोन हाकांना ओ आली नाही तर तिसरी मारायची नाही, विमान हातात घ्यायचं. त्याचा डावा हात आधीच तिथं, दांड्यांपासून बोटभर अंतरावर, सहज ठेवल्यासारखा होता. त्यानं त्यांचा हात बाजूला सारला. चारही दांड्या पुढे ढकलल्या. एवढं प्रचंड विमान क्षणभर विचारात पडल्यासारखं वाटलं, मग वर चढलं. दिवे खाली गेले, पुन्हा ढग. आणि त्या ढगात पंचाक्षरींनी मान वळवली आणि मराठीत विचारलं, "आनंद, माझं विमान का घेतलंस?"

चौकशीत ते वाक्य भाषांतर करून घ्यावं लागलं होतं. खोलीत विमानातल्या बोलण्याची टेप लावली. "स्पीड," आनंदराजचा आवाज. मग "कॅप्टन, स्पीड." दोन्ही हाका स्वच्छ. पंचाक्षरी मान खाली घालून ऐकत होते. त्यांना विचारलं, आता काय म्हणणं आहे? ते म्हणाले, "टेपमध्ये आहे तर मारल्या असतील. मला ऐकू आल्या नाहीत. यानं मला हाक मारली असती तर मी ओ दिली असती." सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. आनंदराजलाही वाटलं होतं, आता तरी कबूल करा. नोकरी तर जाणारच, निदान माझ्यासमोर खोटं बोलू नका. बाहेर व्हरांड्यात ते त्याच्या अगदी जवळून गेले आणि थांबले. त्याला वाटलं, आता बोलतील. ते म्हणाले, "तू मारल्या म्हणतोस ना?" त्यानं मान हलवली. "बरं," ते म्हणाले आणि गेले. उदगीरला जाऊन राहिले. चाकूरहून उदगीर काय लांब? बहिणीच्या घरी, मुंजीला, लग्नाला तो कितीदा चाकूरला आला, पण उदगीरला गेला नाही. तो खोटं बोलणाऱ्या माणसाला भेटायला जाणार नव्हता. दोन वर्षांपूर्वी ते वारले तेव्हा ग्रुपवर बातमी आली आणि त्यानं हात जोडल्याचं चित्र टाकलं.

अंगठ्यापाशी येऊन त्याचं मन थबकलं आणि मागे फिरलं. त्यानं गिअरवरचा हात काढून चाकावर ठेवला. शिरूर ताजबंद गेलं. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना उभा ऊस, पुढे बऱ्याच अंतरावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत चाललेला एक ट्रॅक्टर. त्याच्या मागं लोंबणारी उसाच्या शेंड्यांची वाढी हिरवीगार होती. अजून बराच लांब आहे, त्यानं हिशेब केला, त्याच्या पुढं गेलं की चाकूर, चाकूरला चहा घ्यायला थांबू आणि चहा पिताना सांगून टाकू, उभ्या उभ्या, फारसं महत्त्व न देता

गाडी रस्त्याच्या खाली, मातीत तिरकी उभी होती. इंजिन किंचाळत होतं. शर्वाणी रडत होती. काचेसमोर धूळ होती, आणि धूळ खाली बसली तशी त्यातून उसाची वाढी दिसली, हातभर अंतरावर, अजून हलणारी. रुद्राणी जवळजवळ त्याच्या मांडीवर आडवी झाली होती. तिचा एक हात चाकावर, दुसऱ्या हातानं तिनं हँडब्रेक पार वर ओढून धरला होता. "पाय काढा," ती म्हणत होती. "पाय काढा, अहो, पाय." त्यानं पाय काढला. किंचाळणं थांबलं. ट्रॉल्या डुलत पुढे निघून गेल्या, ट्रॅक्टरवाल्याला काही कळलंही नव्हतं. आणि आनंदराजच्या अंगात संताप उसळला, इतका स्वच्छ आणि खरा, की त्याबद्दल त्याला तसूभरही शंका आली नाही. "काय करून राहिलीस तू?" तो म्हणाला. "पोरगी आहे गाडीत. गाडी का घेतली माझ्या हातातून? मला सांगायचं ना."

रुद्राणीनं चावी फिरवून गाडी बंद केली. मग ती सरळ बसली. तिच्या कपाळाला चाकाची कड लागली होती, तिथं लाल झालं होतं. "सांगितलं," ती म्हणाली.

"कधी सांगितलं?"

"ट्रॅक्टर म्हटलं. मग अहो, ट्रॅक्टर म्हटलं. तुम्ही समोर बघून राहिले होते. मग मी गाडी न्यूट्रलला टाकली आणि चाक ओढलं."

"मला ऐकू न्हाई आलं," तो म्हणाला. आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडताना त्याला त्यांची चव कळली. ते त्याचे नव्हते. ते त्यानं पूर्वी एका खोलीत बसून ऐकले होते, आणि ऐकताना बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितलं होतं, हा माणूस किती सहज खोटं बोलतो म्हणून. खोटं नव्हतं. इतकी वर्षं ते खरं होतं. त्यानं स्वतःच्या आत हात घालून ती हाक शोधली, ट्रॅक्टर, अहो ट्रॅक्टर, कुठंतरी तिचा ओरखडा तरी सापडेल म्हणून, पण तिथं फक्त उभा ऊस होता, आणि लगेच पुढे धूळ. पंचाक्षरींनीही असंच शोधलं असेल, मान खाली घालून, टेप वाजत असताना. दिवे होते आणि मग ढग होते, आणि मध्ये एक पोरगा, त्यांच्याच मातीतला, त्यांचा हात झटकून विमान घेणारा. शेवटी व्हरांड्यात त्यांनी विचारलं होतं, तू मारल्या म्हणतोस ना. ते भांडत नव्हते. स्वतःवर नाही, तर निदान त्याच्यावर विश्वास ठेवता येतो का, एवढं बघत होते. आणि त्यानं नुसती मान हलवली होती. एक शब्द बोलला असता तर. उदगीरच्या त्या घराला ओसरी होती की नव्हती, अंगणात काय होतं, संध्याकाळी ते कुठं बसायचे, यातलं काही त्याला माहीत नव्हतं. तो दार उघडून खाली उतरला आणि मातीत उभा राहिला. मागून रुद्राणी शर्वाणीला थोपटत म्हणत होती, "काही न्हाई झालं, शरू, गाडी जरा घसरली." मग ती फिरून त्याच्यापाशी आली. किल्ली गाडीलाच होती. ती सरळ उजव्या बाजूला जाऊन बसली, सीट पुढे ओढली, आरसा वाकवला. तो डावीकडचं दार उघडून आत बसला. चाकूरला ते थांबले नाहीत.

लातूरला ऋतुजानं दारातच आईचं कपाळ बघितलं. "काय झालं?" रुद्राणी चपला काढत राहिली, नको इतका वेळ, आणि आनंदराजला कळलं, की ती ते वाक्य त्याच्यासाठी सोडून देतेय. "मला चालवताना भान राहिलं नाही," तो म्हणाला. "तुझ्या आईनं गाडी थांबवली. नाहीतर आम्ही ट्रॅक्टरखाली गेलो असतो. सकाळी नांदेडातही झालं होतं, ते मी सांगितलं नव्हतं." ऋतुजानं शर्वाणीला उचलून पोटाशी धरलं आणि एक पाऊल मागे सरकली. ते पाऊल त्यानं बघितलं. तिनं नंतर पाणी आणलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, दुपारचीच डॉक्टरांची वेळ मिळवली, पण ते पाऊल तिनं टाकलं होतं, आणि त्यात तिचं काही चुकलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला मऊ. त्यांनी हाताची बोटं मोजायला लावली, डोळ्यांत उजेड टाकला, गुडघ्यावर ठोकलं. मग विचारलं, "नेमकं काय होतं, सांगा." आनंदराजनं तोंड उघडलं. आयुष्यभर त्यानं झालेल्या गोष्टींचं वर्णन केलं होतं, वारा किती, उंची किती, कोण काय म्हणालं, आणि लोक ऐकत राहायचे. आता त्याच्याकडे काहीच नव्हतं. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "हिला विचारा. ही तिथं होती."

रुद्राणी सांगू लागली. ती प्रयोगाची नोंद सांगावी तशी सांगत होती. डोळे उघडे राहतात. बोलणं तुटतं. डाव्या हाताचा अंगठा फिरत राहतो. थोड्या वेळानं परत येतात आणि मधलं काही घडलंच नाही अशा बेतानं पुढे बोलू लागतात. "याआधी कधी?" डॉक्टरांनी विचारलं. "आज सकाळी, सिग्नलला," आनंदराज म्हणाला. "पहिल्यांदाच." रुद्राणी म्हणाली, "पहिल्यांदा न्हाई. पोळ्यापासून होतंय. जेवताना दोनदा. गच्चीवर एकदा. गेल्या आठवड्यात फोनवर बोलताना."

तो तिच्याकडे वळला. "मग बोलली का नाहीस?"

ती डॉक्टरांकडे बघूनच बोलली. "मला वाटायचं, विमानात गेलेत. इतकी वर्षं गेलेलेच असायचे. नोकरी संपली, आता विमानंही मोडीत काढून राहिले, तर मनानं जात असतील, असं वाटायचं. त्या वेळी चेहरा लई शांत असायचा त्यांचा. घरी असताना तेवढा शांत नसतो." तिनं पर्स मांडीवर ओढली. "म्हणून हाक मारत नव्हते. आज सकाळी पोरीला घेऊन निघायचं म्हटल्यावर पहिल्यांदा भीती वाटली. मी चालवते म्हटलं. हट्ट धरायला पाहिजे होता. पोरगी मागे बसली होती." तिनं पर्समधून रुमाल काढला पण वापरला नाही.

डॉक्टर म्हणाले, मेंदूत वीज मधेच वाट चुकते, तेवढा वेळ माणूस नसतो. चाचण्या कराव्या लागतील. या वयात गोळ्यांनी बहुतेक आटोक्यात येतं. गाडी मात्र आता नाही. "कळलं?" त्यांनी विचारलं. "कळलं," आनंदराज म्हणाला, आणि त्याला वाटलं होतं तसं काही कोसळलं नाही. कोसळलं होतं ते रस्त्याच्या कडेलाच. त्याला राहून राहून वाटत होतं, की विमानात गेलो असतो तर बरं झालं असतं. चार दांड्या, गार, पाठीतला तो दाब. तिनं त्याला इतके दिवस जिथं आहे असं समजून मोकळं सोडलं होतं, तिथं तो एकदाही गेला नव्हता. हे तिला सांगायचं की नाही ते त्याला कळेना.

चाचणीसाठी बाहेरच्या बाकावर थांबायला सांगितलं. ओळीनं माणसं बसली होती. कुणी निलंग्याचं, कुणी औशाचं, डोक्याला पट्टी बांधलेला एक म्हातारा, शेजारी कानडीत पुटपुटणारी त्याची बायको. ते दोघं भिंतीला टेकून बसले. पंखा गरगरत होता. मग रुद्राणी समोरच बघत म्हणाली, "अहो."

"काय?"

"काही न्हाई."

नर्सनं एक नाव पुकारलं, ते त्याचं नव्हतं. म्हातारा उठला, त्याच्या बायकोनं त्याचं धोतर मागून नीट केलं, दोघं आत गेले. आनंदराज त्या बंद झालेल्या दाराकडे बघत राहिला. किती वेळ बघत राहिला, ते त्याला सांगता आलं नसतं.

"अहो," रुद्राणी पुन्हा म्हणाली.

या वेळी त्यानं काय म्हणून विचारलं नाही. "हाय," तो म्हणाला. "हाय मी."

तिनं मान हलवली आणि त्याच्या बाजूला थोडी सरकून बसली. आतून अजून बोलावणं आलं नव्हतं.